पंधरा अनोळखी माणसं आणि दोन गायी

परवा रात्री पोरानं यूट्यूबवर एक जुना अमेरिकन रिॲलिटी शो लावला. नाव 'यूटोपिया'. फॉक्स वाहिनीवर ७ सप्टेंबर २०१४ ला सुरू झालेला. पंधरा अनोळखी माणसं कॅलिफोर्नियातल्या एका रानात सोडायची. एक गोठा, दोन गायी, थोड्या कोंबड्या. कायदा नाही, सरकार नाही. वर्षभर राहायचं आणि आपला समाज आपणच उभा करायचा.

पहिल्याच भागात दारू आणि आरडाओरडा. गाय बाजूला, माणसंच हंबरायला लागलेली. पोरगा म्हणाला, "पप्पा, माणसं एकत्र राहूच शकत नाहीत, हे प्रूव्ह झालं की!"

मला ते पटलं नाही. आमच्या अपार्टमेंटची मेंटेनन्सची मीटिंग बघून कुणालाही तसंच वाटेल, ते सोडा. पण या पंधरा जणांना निवडलं कुणी? टीव्हीवाल्यांनी. ज्याचं कुणाशी पटणार नाही, तोच त्यांच्या कामाचा. एवढं करूनही वर्षभराचा शो दोन महिन्यांत गुंडाळला, कारण प्रेक्षकच नव्हते. गंमत म्हणजे मूळ डच शो जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला तो २०१८ पर्यंत चालला. 'बिग ब्रदर'वाल्या जॉन डी मोलचाच तो.

पण हा खेळ अमेरिकेनं टीव्ही यायच्या कितीतरी आधी, खराखुरा खेळून पाहिलाय. १८२५ साली, इंडियाना राज्यात, वॉबॅश नदीच्या काठी. रॉबर्ट ओवेन हा ब्रिटनमधला गिरणीमालक. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत त्यानं कामाचे तास कमी केलेले, कामगारांच्या लहान पोरांसाठी शाळा काढलेली. नाव मोठं होतं. त्यानं इंडियानात एक अख्खं तयार गाव विकत घेतलं. जॉर्ज रॅपच्या पंथातल्या जर्मन लोकांनी दहा वर्षं राबून उभं केलेलं. घरं, गिरण्या, फळबागा, सगळं होतं. ओवेननं नाव ठेवलं न्यू हार्मनी आणि जाहीर केलं, या, ज्याला यायचं त्यानं या.

लोक आले की! काही आठवड्यांत शेकड्यांनी. विद्वान आले, ध्येयवेडे आले, आणि फुकट राहायला मिळतंय म्हणून आलेलेही बरेच होते. नांगर धरणारे आणि गिरणी चालवणारे मात्र कमी. रॅपच्या माणसांची यंत्रं तिथंच होती, ती चालवायला हात नव्हते. खुद्द ओवेन पहिल्याच उन्हाळ्यात ब्रिटनला गेला, तो परतला जानेवारी १८२६ मध्ये. आल्यावर सगळ्यांना समान हक्क देणारी नवी घटना केली. मग तीही बदलली. वसाहतीचे तुकडे पडत गेले. घटनेवर चर्चा जोरात, शेतावर माणूस नाही. १८२७ मध्ये प्रयोग संपला. ओवेनचा बराच पैसा त्यात गेला. त्याची मुलं मात्र तिथंच अमेरिकेत राहिली, त्यातला एक पुढं काँग्रेसमध्ये निवडून गेला.

म्हणजे टीव्हीवाल्यांनी मुद्दाम भांडणारे घेतले आणि ओवेननं कुणालाच पारखलं नाही. दोन्हीकडं पेच एकच. गाय पिळायची कुणी?

पोराला मी म्हणालो, आपल्या सांगली जिल्ह्यातलं आटपाडी तुला माहितीय ना? तेव्हा ते औंध संस्थानात होतं. १९३९ साली तिथं स्वतंत्रपूर वसलं. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, यांचा प्रयोग. याच साली राजांनी गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेच्या हाती कारभार दिला होता. स्वतंत्रपुरात आणले ते कैदी. भिंतीशिवायचा तुरुंग. बायकापोरांसह राहायचं, शेती करायची. इथं ना कॅमेरा, ना घटनेवर वाद. आधी विहीर आणि नांगर. यावरूनच शांतारामबापूंचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' आला. कथा आमच्या माणदेशच्या गदिमांची. संस्थान विलीन झालं, वसाहत राहिली.

स्वतंत्रपुरात सगळं गोडच होतं असं नाही. शेवटी ती शिक्षाच. सुटका सरकारच्या हातात. आणि एकत्र राहायला माणसाला असा धाक लागतोच का, हा प्रश्न पोरानं लगेच विचारला. चांगला प्रश्न होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

बातमीसाठी मी एकदा तिथं गेलो होतो. एकजण मक्यात दारं धरून उभा. मी विचारलं, "भिंत नाही, पळून जावंसं वाटत नाही का?" तो म्हणाला, "थांबा साहेब, लाईट जायच्या आत एवढा वाफा भिजवतो, मग बोलू." मी बांधावर बसून राहिलो.