टँकरच्या रांगेतला मंगळ

२०१६ चा मे महिना आठवतो? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडे टँकर रात्री कधीही यायचा. हंडे रांगेला लावून आम्ही गटातल्या बाया आभाळ बघत बसायचो.

दिवस मावळला की पूर्वेला लालबुंद मंगळ उगवायचा आणि रात्रभर दिसायचा. मंगळ, शनी आणि ज्येष्ठा तारा यांचा त्रिकोण झाला होता. ३० मे रोजी मंगळ त्या वर्षातला सर्वांत जवळ आला. जवळ म्हणजे तरी साडेसात कोटी किलोमीटर! गुरू सिंह राशीत होता. आदल्या वर्षी तो सिंहेत आला, तेव्हाच नाशिकला सिंहस्थ भरला. त्याची फेरी बारा वर्षांची.

मंगळ तेव्हा वक्री होता. वक्री म्हणजे उलटा चालत नाही हो. एसटी बैलगाडीला मागं टाकते तेव्हा खिडकीतून गाडीच मागं सरकल्यासारखी वाटते ना, तसंच. पृथ्वी वेगानं पुढं जाते, मंगळाला सूर्याभोवती ६८७ दिवस लागतात.

आमच्यातल्या एकीच्या लेकीला ‘मंगळ आहे’ म्हणून दोन स्थळांनी नाकारलं होतं. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षक होते. त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, १८९६ साली. आपल्या जुन्या वेदांगज्योतिषात नक्षत्रं आहेत, पण मेष, वृषभ या राशी नाहीत. त्या मागाहून आल्या. मग राशींवर मांडलेली पत्रिका अनादी कशी?

हे आम्ही रांगेतच बोललो. ती लेक उपड्या घागरीवर बसून वर बघत होती.

“हाच का तो? एवढासा?” म्हणाली.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.