टिफ्रॅक

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला, भारतात अभिकल्पित केलेला पहिला सर्वसाधारण उपयोगाचा इलेक्ट्रॉनीय अंकीय संगणक. त्याचे कार्य निर्वात नलिकांवर (व्हॉल्व्हवर) आधारलेले होते. अशा नलिकेतील तापलेल्या ऋणाग्रापासून निघणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह जालकावरील विद्युत् दाबाने अत्यल्प काळात चालू वा बंद करता येतो. या शीघ्रतेमुळेच अमेरिकेतील एनिॲक (१९४६) या संगणकात सु. १८,००० नलिका वापरण्यात आल्या. मात्र ऋणाग्र सतत तापवावे लागत असल्याने वीज फार खर्च होई, उष्णता साचे व नलिका वारंवार निकामी होत. बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये शोधण्यात आलेल्या ट्रँझिस्टरात हे दोष नव्हते. तो आकारानेही लहान होता.

टिफ्रॅकची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये, तर सु. २,७०० नलिकांचा पूर्ण संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची फेराइट कड्यांची स्मृती त्या काळी अद्ययावत होती. तथापि आयबीएम ७०९० हा ट्रँझिस्टरयुक्त संगणक १९५९ मध्येच वापरात आल्याने टिफ्रॅक आरंभापासूनच मागच्या पिढीतला ठरला. संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा ट्रँझिस्टरयुक्त परदेशी संगणक आल्यावर लवकरच टिफ्रॅक बंद करण्यात आला. त्याच्या नलिका कालबाह्य झाल्या, तरी संगणकाची रचना, देखभाल व आज्ञावलीलेखन यांचे जे ज्ञान त्याच्या उभारणीतून देशात रुजले, ते मात्र पुढील पिढ्यांतील संगणकांच्या कामीही उपयोगी पडणारे होते.