धार्मिक स्थळांची आद्य छायाचित्रे

मंदिरे, लेणी, मशिदी, चर्च यांची एकोणिसाव्या शतकात घेतलेली दुर्मीळ छायाचित्रे व त्यांचा संग्रह. धातूच्या पत्र्यावर छायाचित्र घेण्याची दगेरोटाइप पद्धती १८३९ मध्ये जाहीर झाली. जिरो द प्रांजे (१८०४–९२) या फ्रेंच अभ्यासकाने १८४२–४५ च्या प्रवासात अथेन्स, कैरो, जेरूसलेम आदी ठिकाणी ८०० हून अधिक दगेरोटाइप घेतले. या पद्धतीत निगेटिव्ह नसल्याने प्रत्येक पत्रा एकमेव असतो.

भारतात लिनीअस ट्राइप या ब्रिटिश छायाचित्रकाराने १८५८ मध्ये मदुराई, श्रीरंगम व तंजावर येथील मंदिरे टिपली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेखांची २१ छायाचित्रे जोडून त्याने सु. ५·८ मी. लांबीचे सलग दृश्य सिद्ध केले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या रॉबर्ट गिलने पुढे अजिंठा-वेरूळची छायाचित्रे घेतली. ती वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. गिलच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या.

कागदी छायाचित्रांपैकी मिठाच्या द्रावणाने सिद्ध केलेल्या कागदावरील चित्र तंतूंत मुरलेले व निस्तेज दिसते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या अल्ब्युमेन कागदाला चकाकी असते. संग्राहक कागदाच्या या फरकावरून, तसेच सही, क्रमांक व पुठ्ठ्यावरून काळ ठरवतात. प्रखर प्रकाश, दमट हवा व आम्लयुक्त पुठ्ठा चित्रांना मारक ठरतात. लंडनची ब्रिटिश लायब्ररी व दिल्लीतील अल्काझी संग्रह येथे भारतीय स्थळांची अशी छायाचित्रे जतन केलेली आहेत. जीर्णोद्धारात बदललेल्या वास्तूंचे मूळ रूप जाणण्यासाठी ही छायाचित्रे अस्सल पुरावा ठरतात.