डोंगरीचे कापड

सुप्याच्या बाजारातून आणलेली नवी जीन पँट धाकट्याने वजरीने घासघासून गुडघ्यावर फाडली, तेव्हा मी रागावलेच. मग या कापडाचा इतिहास पाहिला.

मुंबईतल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ शब्द गेला. ते खलाशी-मजुरांचे कापड. पुढे अमेरिकेत जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांनी कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे उसवू नयेत म्हणून तांब्याचे रिव्हेट ठोकले. १८७३ साली पेटंट घेतले.

आता फाटणे हीच शोभा! कारखान्यात वाळूचा फवारा मारून पँटी विटवताना तुर्कस्तानात कित्येक कामगारांची फुफ्फुसे गेली. २००९ साली तेथे त्यावर बंदी आली.

त्यापेक्षा घरची वजरी बरी. भोकाला आतून ठिगळ मात्र मी लावलेच.