खानदेशांतील चित्रसंचांची पारख

राजवाड्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ ज्या धुळ्यांत आहे, तेथें पंचवीस वर्षें राहिल्यावर मनुष्याची जुना कागद फेकून देण्याची संवय सुटते. आमची तर अगदींच सुटली आहे. गेल्या दिवाळींत कपाट आवरतांना एक कापडी पिशवी हातीं लागली. तींत दूरचित्रवाणी संचांच्या तीन पावत्या, दोन हमीपत्रें व हप्त्यांची एक वही होती. त्याच आठवड्यांत जळगांवीं नुकत्याच नोकरीस लागलेल्या पुतण्यानें विचारलें होतें, "काका, वीस हजारांच्या आंत चांगला एचडी टीव्ही कोणता घ्यावा?" त्यास तत्काळ उत्तर न देतां आम्ही ती पिशवी उलगडून बसलों. प्रश्न आजचा दिसतो; परंतु खानदेशांत तो गेलीं चाळीस वर्षें विचारला जात आहे, आणि बहुतेकांनीं तो चुकीच्या जागीं, म्हणजे दुकानाच्या झगझगाटांत उभें राहून, विचारला आहे, असें आमचें मत आहे.

मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. वरळीचा मनोरा सुमारें ३०० मीटर उंच. तथापि या लहरी प्रकाशाप्रमाणें बहुतांशीं सरळ रेषेंत जातात, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळें एवढ्या उंचीवरूनहि त्यांची धांव सत्तर-ऐशीं किलोमीटरांपलीकडे फारशी जात नाहीं. मध्यें सह्याद्रि उभा. जळगांव तर लोहमार्गानें चारशें किलोमीटरांहून दूर. त्यामुळें दहा-बारा वर्षें खानदेशास दूरचित्रवाणी ही मुंबईच्या पाहुण्याकडून ऐकावयाची गोष्ट होती. १९७५-७६ मध्यें उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत संच बसविण्यांत आले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढें ऑगस्ट १९८३ मध्यें इन्सॅट-१बी अवकाशांत गेला, आणि १९८४ सालीं देशभर लघुशक्तीचे प्रक्षेपक झपाट्यानें उभे राहूं लागले. त्या लाटेंत आमच्या जिल्ह्याच्या गांवांनाहि दिल्लीचें चित्र दिसूं लागलें. अशा प्रक्षेपकाची शक्ति किती, तर शंभर वॅट. जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याएवढी! शहरांत चित्र स्वच्छ येई. पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडे पडद्यावर मुंग्या धांवूं लागत.

आमचे वडील त्या वेळीं एरंडोलास शाळेंत शिक्षक होते. एरंडोल जळगांवाहून सुमारें तीस किलोमीटर, म्हणजे मुंग्यांच्या राज्यांत. २५ जानेवारी १९८७ रोजीं रामायण मालिका सुरू झाली आणि ज्या घरीं संच नाहीं त्या घरच्या मुलांना रविवारची सकाळ परक्याच्या ओटीवर काढावी लागूं लागली. वडिलांस तें रुचलें नाहीं. त्यांनीं आधीं दुकान गांठलें नाहीं. दोन रविवार ते ओळखीच्या लोकांच्या छपरांवर चढून कोणाच्या काठीची उंची किती व चित्र कसें, हें वहींत टिपून घेत होते. मग त्यांनीं वीस इंची कृष्णधवल संच घेतला, आणि संचाच्या किमतीच्या निम्मे पैसे संचाबाहेर घातले: लोखंडी नळी, ॲल्युमिनियमच्या दांड्यांची अँटेना, बूस्टर आणि स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर कां, हें खानदेशांतल्या माणसास सांगावयास नको. विहिरींवरचे पंप सुरू झाले कीं विजेचा दाब पडे. भुसावळजवळ दीपनगरास वीज तयार व्हावी आणि एरंडोलास दिवा मिणमिणावा, ही गंमत आम्ही लहानपणापासून पाहत आलों.

शेजारीं कापसाचे एक दलाल राहत. त्यांनीं दुपटीहून अधिक किमतीचा रंगीत संच आणला. काठी मात्र आखूड. आतां, रंगीत संचांत मूळचीच अशी योजना असते कीं लहर क्षीण झाली म्हणजे रंगाचा भाग आपोआप बंद पडावा. कारण दुबळ्या लहरींतून काढलेला रंग नुसता डागाळतो. परिणामीं त्यांच्या रंगीत पडद्यावर राम-लक्ष्मण काळेपांढरे दिसत, आणि तेहि मुंग्यांनीं वेढलेले. महिन्याभरांत ते गृहस्थ सहकुटुंब आमच्या ओटीवर येऊं लागले. पुढल्या वर्षीं महाभारत सुरू झालें तेव्हां तर गर्दीस सीमा उरली नाहीं. एरंडोल म्हणजेच पांडवांची एकचक्रानगरी अशी तेथील परंपरा, त्यामुळें प्रत्येकजण आपल्याच घराण्याची हकीकत पाहावयास आल्याप्रमाणें बसे.

या काळांत संच घेणें सोपें झालें होतें. पोस्टांत भरावयाचें परवाना-शुल्क १९८५ सालीं रद्द झालें, आणि वेस्टन, क्राऊन, डायनोरा अशा नांवांच्या गर्दींत जवळच औरंगाबादेस व्हिडिओकॉनचे कारखाने उभे राहिले. (तीच व्हिडिओकॉन २०१८ मध्यें दिवाळखोरीच्या कारवाईंत सांपडली.) ओनिडानें तर शिंगें-शेपटीचा राक्षस पुढें करून शेजाऱ्याच्या मत्सरावरच आपली जाहिरात उभी केली. तिची प्रामाणिकता आम्हांस आवडे. पुष्कळ संच खरोखरच डोळ्यांसाठीं नव्हे, शेजाऱ्यासाठीं घेतले जात.

दुसऱ्या पावतीविषयीं सांगण्यासारखें फारसें नाहीं. १९९२ नंतर तारेनें वाहिन्या घरोघर आल्या, अँटेना कावळ्यांस बसावयास उरली, आणि आम्हीं १९९६ सालीं एकवीस इंची रंगीत संच घेतला. तो पंधरा वर्षें चालला.

तिसरी पावती २०११ ची. ती आम्ही लपवीत नाहीं. दुकानदारानें तबकडीवरून समुद्रांतील मासे दाखविले. माशाचा खवला न् खवला मोजून घ्यावा असें तें चित्र! आम्हीं चाळीस इंची 'फुल एचडी' संच बारा हप्त्यांवर घेतला आणि जुना मोडींत दिला. घरीं तार जोडल्यावर मासे नाहींसे झाले. तारेंतून येत होतें तें जुनेंच चित्र: ६२५ रेषांचें, त्यांतल्या ५७६ दिसावयाच्या. तें १०८० ओळींच्या पडद्यावर पसरलें म्हणजे लहान मुलाचा सदरा थोरल्यास घालावा तसें सगळीकडून ताणलें जाई. शिवाय चार-तीनच्या प्रमाणांतलें चित्र सोळा-नऊच्या चौकटींत ओढल्यानें चेहरे रुंद झाले. वडील त्या वर्षीं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे राहावयास आले होते. त्यांच्यासाठींच तो मोठा पडदा. दोन दिवस ते कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं कीर्तन पाहतां पाहतां म्हणाले, "आते मानसं जाडा व्हई ग्यात का रे?" आम्हीं त्यांस, लवकरच तारेंतूनहि नवें चित्र येईल, असें सांगितलें. छतावर एचडीची छत्री तेव्हांहि बसवितां आली असती. पण हप्ते चालूं असतां आणखी मासिक खर्च नको, असें आम्हींच ठरविलें. तारेचें अंकीकरण महानगरांत २०१२ सालीं झालें. आमच्यासारख्या गांवांची पाळी शेवटच्या टप्प्यांत, २०१५ ते २०१७ मध्यें, आली. वडील २०१४ सालीं गेले. दूरनियंत्रकावरील एक कळ दाबून चित्राचें प्रमाण बदलतां येतें व चेहरे पूर्ववत् होतात, हें आम्हांस संच आणल्यावर वर्षानें कळलें होतें. ज्यानें नळीची उंची मोजून संच घेतला, त्याच्या मुलानें पुस्तिका उघडून पाहिली नव्हती.

पुतण्यास आम्हीं जें लिहून पाठविलें, त्याची पार्श्वभूमि ही अशी. त्याचें मन ४३ इंची 'फोर-के' संचावर होतें. निरोगी डोळ्यास एका अंशाच्या साठाव्या भागाएवढें अंतर कसेंबसें वेगळें दिसतें; यावरून हिशेब मांडला तर ३२ इंची पडद्यावरील ७६८ ओळी सुटसुटीत दिसावयास सुमारें सहा फुटांच्या आंत बसावें लागतें, आणि १०८० ओळींसाठीं सव्वाचार फुटांच्या आंत. आठ फुटांवर बसणाऱ्यास ३२ इंचांत 'एचडी रेडी' आणि 'फुल एचडी' हीं दोन्हीं सारखींच. ४३ इंचांवरील फोर-केच्या २१६० ओळी तर तीन फुटांवर नाक नेल्यावांचून कळत नाहींत. जळगांवच्या सराफ बाजारांत वाढलेल्या मुलास सोन्याची किंमत व घडणावळ यांतला भेद शिकवावा लागत नाहीं. येथें मात्र तो घडणावळीचेच पैसे मोजावयास निघाला होता. मोठा पडदा हवा असल्यास अवश्य घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील संचांचा करहि २८ वरून १८ टक्के झाला असल्यानें पूर्वींचा अडसर उरलेला नाहीं. पण पैसे मोठेपणासाठीं द्यावे, ओळींसाठीं नव्हे.

शिवाय घरीं काय येतें तें आधीं पाहावें. फुकट छत्रीवरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या. आंतरजालावरून येणारें चित्रहि वेग मंदावला कीं आपला दर्जा उतरवितें. म्हणून घरीं जें पाहतों त्याचेंच मुद्रण पेन ड्राइव्हवर न्यावें आणि दुकानदारास मासे बंद करावयास सांगावें. मग बाजूस सरकून पाहावें. कांहीं पडद्यांचे रंग तिरपें पाहतांच फिके पडतात, आणि आपल्या घरांत समोर बसणारा एक व बाजूस बसणारे चार असतात.

त्यानें खोली मोजून कळविलें: पलंगापासून भिंतीपर्यंत पावणेआठ फूट. खालीं एक ओळ होती: "पण आई स्वयंपाकघराच्या दाराशीं बसते, ती जागा फार तिरपी पडते." आम्हीं उलट लिहिलें कीं मग आईसच बरोबर घेऊन जा. रविवारीं दोघें दुकानांत गेलीं, असें कळतें. अजून फोन आलेला नाहीं.