उसाच्या पट्ट्यातून शास्त्री रोडवर

नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्यांनी ब्रिटिश काळातच कोपरगावच्या रानात पाणी आणले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. साकरवाडीला सोमय्यांचा खासगी कारखाना आला. पुढे शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे यांच्या नावांशी जोडले गेलेले कोळपेवाडी आणि सहजानंदनगरचे सहकारी कारखाने तालुक्याचा कणा बनले.

कारखान्यात कामगारांच्या दोन जाती असत: कायम आणि हंगामी. बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली की हंगामी माणसाला बोलावणे येई. पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की तो घरी बसे. आपल्या पोराच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून बापाने त्याला शिकवले. शिक्षणाची सोयही उसाच्याच पैशातून होत गेली. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि कोपरगावातही कोल्हे यांच्या ‘संजीवनी’ संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले.

पदव्या वाढल्या, कायम जागा मात्र तेवढ्याच राहिल्या.

मग स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पोरांनी पुण्याची एसटी धरली. सदाशिव पेठ, नवी पेठेत कॉट बेसिसवर मुक्काम, दोन वेळचा मेसचा डबा, आणि अभ्यासिकेत ठरलेली एक खुर्ची. नगर, बीड, नांदेड, सगळीकडची मुले इथे शेजारी शेजारी बसतात. घरून महिन्याला येणारे पैसे हे बहुधा उसाच्या बिलातले किंवा दुधाच्या पगारातले असतात.

एप्रिल 2020 मध्ये होणार असलेली लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा कोरोनामुळे आणि इतर कारणांनी पुढे पुढे जात राहिली. 14 मार्च 2021 ही तारीख ठरली. 11 मार्चला, अवघे तीन दिवस उरले असताना, तीही रद्द झाली. त्या दुपारी अभ्यासिका रिकाम्या झाल्या आणि पुण्यातला शास्त्री रोड भरला. राज्यात इतरत्रही विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर 21 मार्चला परीक्षा झाली.

शहरातल्या बेकार तरुणांच्या रागातून राजकारण घडणे महाराष्ट्राला नवे नाही. 1966 मध्ये मुंबईत शिवसेना उभी राहिली तीही मराठी तरुणांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर. तेव्हा राग परप्रांतीयांवर वळवला गेला. शास्त्री रोडवरच्या मुलांनी मात्र थेट सरकारला जाब विचारला. वयोमर्यादा जवळ आलेल्या उमेदवारासाठी पुढे गेलेली प्रत्येक तारीख म्हणजे आयुष्यातला परत न येणारा काळ असतो.

2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्याच वर्षी शासकीय कामांसाठी बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय निघाला. विरोध एवढा पेटला की ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पट्टा पडला की घरी बसणाऱ्या बापांच्या पोरांनी सरकारी नोकरीतला हंगामीपणा तेव्हा नाकारला होता. भरतीचे वेळापत्रक जाहीर करून ते काटेकोर पाळणे, ही त्यांची मागणी पूर्ण करायला सरकारला नवे धरण बांधावे लागत नाही.