प्रयोगाची साक्ष आणि परीक्षेची वही

प्रयोग कसा केला आणि त्यातून काय निघाले, हे ठरावीक क्रमाने लिहून काढण्याची पद्धत संशोधकांकडून विद्यार्थ्यांकडे झिरपत आली, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र विद्यापीठीय प्रयोग-अहवालाचा इतिहास तपासला असता त्याची वंशावळ दुहेरी असल्याचे दिसते. तिची एक शाखा सतराव्या शतकातील इंग्लंडमधल्या प्रयोगवर्णनांपर्यंत जाते, तर दुसरी, आणि प्रत्यक्षात अधिक बलवत्तर ठरलेली, एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकी प्रवेशपरीक्षेपर्यंत.

रॉबर्ट बॉइल यांनी 1660 मध्ये हवेच्या ‘स्प्रिंग’विषयी, म्हणजे दाबली असता पुन्हा फुगू पाहण्याच्या तिच्या गुणाविषयी, केलेले आपले प्रयोग ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केले. त्यासाठी लागणारा हवा उपसण्याचा पंप रॉबर्ट हुक यांच्या मदतीने तयार झाला होता. तो महागडा होता, शिवाय गळका होता, त्यामुळे तसाच दुसरा पंप करवून घेऊन प्रयोग पडताळून पाहणे त्या काळी मोजक्यांनाच परवडणारे होते. ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांना तो पटवायचा कसा, या अडचणीवर बॉइल यांनी लेखणीने तोड काढली. पंपाचे भाग दाखवणारे तपशीलवार चित्र, कृतीचे कंटाळा येईल इतके बारीक वर्णन आणि फसलेल्या प्रयोगांची कबुली यांच्या बळावर वाचकाला जणू प्रयोगाच्या जागी उभे करायचे, अशी ती रीत होती. अपयशे लपवू नयेत, हे 1661 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी तत्त्व म्हणूनच मांडले. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शाफर या इतिहासकारांनी 1985 मध्ये या तंत्राला ‘आभासी साक्ष’ असे नाव दिले. वाचक प्रत्यक्ष हजर नसतानाही साक्षीदार होतो, असा त्याचा आशय. पुढे 1665 मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि अशा वर्णनांना कायमचे व्यासपीठ मिळाले.

विद्यार्थ्याने स्वतः प्रयोग करावेत हा आग्रह मात्र बराच उशिरा रुजला. यूस्टुस लीबिग 1824 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी जर्मनीतील गीसेन येथे प्राध्यापक झाले आणि तेथील त्यांच्या रसायनशाळेत देशोदेशीचे विद्यार्थी येऊ लागले. आदल्या दिवशी काय केले आणि पुढे काय करण्याचा विचार आहे, हे प्रत्येक विद्यार्थी सकाळी लीबिग यांना सांगत असे. हा अहवाल तोंडी होता. सांगणारा आणि ऐकणारा एकाच छपराखाली वावरत असल्यामुळे त्याला कोणाच्या सहीशिक्क्याची गरज नव्हती.

ती गरज हार्वर्ड विद्यापीठाला भासली. अध्यक्ष चार्ल्स एलियट हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ. पुस्तक पाठ करून भौतिकशास्त्राची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होणारी मुले त्यांना नको होती. त्यांच्या प्रेरणेने भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात शाळांमध्ये करून घेण्याजोग्या चाळीस प्रयोगांची यादी तयार केली. परीक्षेला येताना उमेदवाराने मूळ प्रयोगवही बरोबर आणावी आणि नोंदी त्याच्याच कामाच्या खऱ्या नोंदी असल्याचे शिक्षकाने त्या वहीवर प्रमाणित केलेले असावे, अशी अट होती. सुधारणा प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण तिच्यामुळे साक्षीचा विषयच पालटला. निसर्गात अमुक घडले याची ग्वाही बॉइल यांचे लेखन देत होते, तर प्रयोग मुलाने खरोखर केला याची ग्वाही ही वही देऊ लागली. निष्कर्ष परीक्षकाला आधीच ठाऊक असल्यामुळे फसलेल्या प्रयोगाची नोंद तेथे पुरावा ठरण्याऐवजी उणीव ठरण्याचा धोका निर्माण झाला.

हॉल यांचे स्वतःचे संशोधन या साच्यात बसले नसते, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले असता पट्टीच्या दोन कडांमध्ये विभवांतर, म्हणजे विद्युतदाबातील फरक, उत्पन्न होते. हा ‘हॉल परिणाम’ त्यांनी 1879 मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विद्यार्थी असताना शोधला. त्याविषयीचा त्यांचा लेख प्रथमपुरुषी आहे आणि घडले त्या क्रमाने सांगितलेला आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांच्या ग्रंथातील एका विधानाविषयी आलेली शंका, जर्मन सिल्व्हरच्या तारेच्या चपट्या वेटोळ्यात चुंबकामुळे रोध बदलतो का हे पाहण्याचा निष्फळ खटाटोप, आणि त्यानंतर काचेवर बसवलेल्या सोन्याच्या वर्खाकडे वळणे, हे सारे त्यात येते. विसाव्या शतकात प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा हा चौकटीबद्ध क्रम शोधनिबंधांतही रूढ झाला आणि असे कथन मागे पडले. नोबेल पारितोषिक विजेते जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1963 मध्ये बीबीसीवरील भाषणात, शोधनिबंध विचारप्रक्रियेचे खोटे चित्र उभे करतो, असा आरोप केला तो या चौकटीवरच.

महाराष्ट्रात प्रमाणित वहीला पोषक रचना आधीपासूनच होती. 1857 मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रथमतः परीक्षा घेणारी संस्था होते आणि अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले, म्हणजे परीक्षक आणि प्रयोगशाळा यांच्यात येथेही अंतर होते. येथील महाविद्यालयांत रुळलेले ‘जर्नल’ हे अंतर भरून काढते. एका बाजूच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती आणि निरीक्षणांचा तक्ता, समोरच्या रेघी पानावर उद्देश, साहित्य, सूत्र, कृती आणि निष्कर्ष, तर आरंभी शिक्षक व विभागप्रमुख यांच्या सह्यांचे प्रमाणपत्र, असा त्याचा थाट असतो. प्रमाणपत्रावर सह्या नसतील, तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसणे कठीण होते. ज्ञात उत्तराकडून उलटी आकडेमोड करून ‘रीडिंग’ जुळवण्याची सर्वपरिचित युक्ती विद्यार्थ्यांच्या आळसापेक्षा या रचनेतूनच अधिक निपजते. पदव्युत्तर प्रयोगशाळांत हॉल परिणामाचा प्रयोग आजही नेमलेला असतो. वर्खाऐवजी बहुधा जर्मेनियमचा स्फटिक वापरला जातो, आलेखाच्या चढावरून हॉल गुणांक काढून तो प्रमाणित मूल्याशी ताडला जातो आणि आलेला फरक टक्क्यांत लिहिला जातो. जर्मन सिल्व्हरच्या तारेसाठी त्या तक्त्यात रकाना नसतो.